दहा लिटरला दोन थेंब: फिशटँकमधल्या औषधाचा खरा हिशोब

"दहा लिटरला दोन थेंब." दुकानातून आणलेल्या निळ्या किंवा हिरव्या बाटलीवर बहुतेक वेळा एवढंच लिहिलेलं असतं. आत नेमकं काय आहे, किती टक्क्यांचं आहे, एकदाच टाकायचं की रोज, पाणी कधी बदलायचं, यातलं काही नाही. आणि थेंब तरी कसला धरायचा? साध्या पाण्याचे वीस थेंब म्हणजे साधारण एक मिलिलिटर. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या औषधाचा थेंब त्याहून बराच लहान पडतो. ड्रॉपरचं तोंड बदललं की थेंबही बदलला.

तरी थेंबांचा घोळ हा त्यातला लहान घोळ. बाटलीतून टँकमध्ये पडलेलं औषध वेगळं आणि माशापर्यंत पोचलेलं औषध वेगळं, हा खरा मुद्दा आहे. दोघांच्या मधे पाणी असतं. त्या पाण्यातला क्षार, त्यावर पडणारा उजेड, त्याची उष्णता, तळाशी साचलेली घाण, फिल्टरमधला कोळसा, सगळे आपापला वाटा काढून घेतात आणि उरेल ते माशाचं. आपल्या खान्देशात हे वाटेकरी जरा जास्तच दांडगे आहेत. बोअरचं जड पाणी, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना टेकणारा पारा आणि डिसेंबर-जानेवारीत एकदम दहाच्या खाली घसरणाऱ्या रात्री. त्यामुळे थंड, हलक्या पाण्याच्या गावात लागू पडलेला डोस जळगाव-धुळ्यात तसाच लागू पडेल, याची खात्री नाही.

आधी पाणी मोजा

आपल्याकडे टँक फुटांत विकला जातो. दोन बाय एक बाय एक. एक घनफूट म्हणजे २८.३ लिटर, म्हणजे या टँकमध्ये जवळपास ५७ लिटर. बहुतेक जण इथेच थांबतात आणि ६० लिटरचा डोस टाकून मोकळे होतात.

पण टँक काठोकाठ कोणी भरत नाही. वरून दोन इंच रिकामे धरले की पाणी उरलं ४७ लिटर. तळाला दोन इंच वाळू-खडे असतील तर दगडाने आणखी साडेपाच-सहा लिटरची जागा अडवलेली असते. काचेची जाडी वजा केली की हाती येतात कसेबसे ४० लिटर. ५७ लिटरचं औषध ४० लिटरमध्ये गेलं म्हणजे डोस चाळीस टक्क्यांनी जास्त झाला. मिठाच्या बाबतीत एवढा फरक मासा सोसतो. मॅलेकाइट ग्रीन या हिरव्या औषधाच्या बाबतीत टेट्रा किंवा लोचसारखे मासे सोसत नाहीत.

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पुढच्या वेळी टँक धुऊन भरताना पिण्याच्या पाण्याच्या वीस लिटरच्या जारने मोजून भरा आणि आकडा मागच्या काचेवर मार्करने लिहून ठेवा. पातळीची रेघही ओढा. हे एकदा केलं की पुढची कित्येक वर्षं गणित करायला नको.

त्याहून बरं म्हणजे आजारी मासा वेगळ्या टबात काढणं. वीस लिटर पाणी, एक स्पंज फिल्टर, खाली वाळू नाही, झाडं नाहीत. औषध कमी लागतं, मोजणं नेमकं होतं आणि मुख्य टँकच्या फिल्टरमधले उपयोगी जिवाणू वाचतात. हे जिवाणू माशांच्या विष्ठेतून येणारा अमोनिया पचवतात आणि मेथिलीन ब्लू हे निळं औषध किंवा बरीचशी अँटिबायोटिक्स त्यांनाही मारतात. आपल्या पाण्याचा पीएच ८ च्या आसपास असतो तेव्हा हा धोका वाढतो. ३० अंशांच्या पाण्यात पीएच ७ असेल तर एकूण अमोनियातला एक टक्काही विषारी रूपात नसतो, पीएच ८ झाला की तो सात टक्क्यांवर जातो. मासा रोगाने मेला असं वाटतं, प्रत्यक्षात तो औषधानंतर वाढलेल्या अमोनियाने मेलेला असतो. अख्ख्या टँकमध्ये औषध ओतणं मला म्हणूनच शेवटचा पर्याय वाटतो. पांढरे ठिपके हा त्याला ठळक अपवाद, त्याचं कारण पुढे येईल.

मिलिग्रॅम कसे मोजायचे

माशांच्या औषधाचा डोस मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये सांगतात. त्यालाच पीपीएम म्हणतात. विदेशी बाटलीवर गॅलन असेल तर ती कुठली आहे ते पाहा, अमेरिकेचा गॅलन ३.८ लिटरचा आणि इंग्लंडचा साडेचार लिटरचा.

समजा पोटॅशियम परमँगनेटचा २ पीपीएम डोस ४० लिटरला द्यायचा आहे. लागणार ८० मिलिग्रॅम. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या जळगावात एवढंसं वजन करणारे काटे गल्लोगल्ली आहेत, पण सराफ काही तो जांभळा खडा सोन्याच्या काट्यावर ठेवू देणार नाही. त्याची गरजही नाही. एक ग्रॅम मोजता येईल असा छोटा डिजिटल काटा पुरे. एक ग्रॅम पूड शंभर मिलिलिटर पाण्यात विरघळवली की झालं एक टक्क्याचं द्रावण. त्याच्या प्रत्येक मिलिलिटरमध्ये १० मिलिग्रॅम औषध. म्हणजे ८० मिलिग्रॅमसाठी ८ मिलिलिटर. हेच द्रावण १० लिटर पाण्यात एक मिलिलिटर टाकलं की एक पीपीएम होतं, एवढं लक्षात ठेवलं तरी बाकीचं तोंडी करता येतं.

मोजायला सिरिंज वापरा, पण घरातली इन्सुलिनची सिरिंज उचलताना थांबा. आपल्याकडे दोन प्रकारच्या मिळतात. लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये ४० युनिट म्हणजे एक मिलिलिटर, नारिंगी टोपणाच्या सिरिंजमध्ये १०० युनिट म्हणजे एक मिलिलिटर. "चाळीसपर्यंत भर" हे वाक्य एका सिरिंजमध्ये पूर्ण मिलिलिटर होतं आणि दुसरीत अर्ध्याहूनही कमी. मेडिकलमधून मिलिलिटरच्या खुणा असलेली साधी सिरिंज आणली की हा प्रश्नच येत नाही.

माणसांच्या गोळ्या वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. फ्लॉवरहॉर्न किंवा ऑस्कर माशाच्या डोक्याला खड्डे पडायला लागले, विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी झाली की मेट्रोनिडाझोलचं नाव निघतं. गोळी २०० किंवा ४०० मिलिग्रॅमची मिळते. ४०० ची गोळी कुटून १०० मिलिलिटर पाण्यात घातली तर औषध सगळं विरघळतं, तळाशी राहतो तो गोळीचा भराव. पण लहान मुलांचं पातळ औषध आणू नका. त्यात मेट्रोनिडाझोलचं बेंझोएट रूप असतं. कडू लागू नये म्हणून ते मुद्दाम पाण्यात न विरघळणारं केलेलं असतं, शिवाय भरपूर साखर, आणि ती साखर टँकमधल्या जिवाणूंच्या कामी येते. जुलाबावरच्या गोळ्यांमध्ये तर दोन-दोन औषधं एकत्र असतात. पाकिटावर एकच नाव आहे ना, हे वाचल्याशिवाय गोळी कुटू नका. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर विकायची असतात आणि माशासाठी ती चिठ्ठी पशुवैद्यकाने द्यायची असते, हेही ध्यानात असू द्या.

पाण्यात पडलं, पुढे काय?

टेट्रासायक्लिन आणि ऑक्सिटेट्रासायक्लिन ही शेपटी सडणं, अंगावर लाल चट्टे येणं अशा तक्रारींवर सर्रास टाकली जाणारी अँटिबायोटिक्स. त्यांचा मोठा दोष असा की ती कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला घट्ट चिकटतात. चिकटली की माशाच्या शरीरात शिरत नाहीत. आणि आपल्या बोअरच्या पाण्यात याच दोघांची रेलचेल असते. ड्रिपच्या नळीची तोंडं ज्या पांढऱ्या थराने बुजतात तो थर याच क्षारांचा.

रावेर-यावलकडच्या शेतकऱ्याला यात नवीन काही वाटणार नाही. क्षाराच्या पाण्यात ग्लायफोसेट हे तणनाशक कालवलं की गवत नुसतं पिवळं पडून पुन्हा उभं राहतं. तिथेही कॅल्शियमच औषधाला धरून ठेवतो, म्हणून फवारणीच्या पाण्यात आधी अमोनियम सल्फेट टाकायची पद्धत आहे. फिशटँकमध्ये मात्र तो उपाय चालणार नाही, अमोनियानेच मासे जातील. तिथे उपाय दोनच. टबातल्या पाण्यात आरओचं पाणी मिसळून ते हलकं करायचं, तेही मासा दचकणार नाही अशा बेताने हळूहळू. नाहीतर टेट्रासायक्लिन पाण्यात टाकणंच सोडायचं. "डोस दुप्पट करून बघू" हा तिसरा उपाय दुकानात ऐकू येतो. अडचण अशी की आपल्या पाण्यात औषधाचा किती भाग अडकला आणि किती मोकळा आहे, हे घरी मोजताच येत नाही. टीडीएस मीटरचा आकडाही इथे पुरत नाही. तो सगळ्या विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो, त्यातलं कॅल्शियम किती ते सांगत नाही.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, याची गोष्ट आणखी अवघड. तांबं परजीवींना मारतं तसंच माशालाही मारतं, दोन्हींमधलं अंतर थोडं. पाण्याची अल्कधर्मीयता (म्हणजे आम्ल पचवायची ताकद, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये मोजतात) जितकी जास्त तितकं तांबं वेगाने कार्बोनेट होऊन खाली बसतं. म्हणून तळ्यांसाठी नियम असा वापरतात की अल्कधर्मीयतेच्या आकड्याला शंभराने भागायचं, येईल तेवढे मिलिग्रॅम कॉपर सल्फेट दर लिटरला. १०० ला १, २०० ला २. आकडा ५० च्या खाली असेल तर वापरायचंच नाही, मासे मरतात. २५० च्या वर असेल तर औषध टिकतच नाही. बोर्डो मिश्रणासाठी (पिकांवरची मोरचूद-चुन्याची बुरशीनाशक फवारणी) घरात मोरचुदाची पिशवी पडलेली असते म्हणून चिमूटभर टँकमध्ये टाकणारे लोक आहेत. एका गावच्या पाण्यात ती चिमूट वाया जाते, दुसऱ्या गावच्या पाण्यात अख्खा टँक आडवा होतो. गोगलगायी आणि झिंगे तर कुठल्याही पाण्यात वाचत नाहीत. अल्कधर्मीयता आणि तांबं मोजायची किट नसेल तर माझ्या मते या वाटेला जाऊच नये.

पोटॅशियम परमँगनेटचे वाटेकरी वेगळे. ते सेंद्रिय घाणीवर तुटून पडतं. तळाशी उरलेलं खाद्य, विष्ठा, शेवाळ यांना जाळता जाळताच संपतं आणि माशाच्या अंगावरच्या जंतूंसाठी काही उरत नाही. त्याचं एक बरं आहे की ते सगळं डोळ्यांसमोर घडतं. जांभळट गुलाबी पाणी तपकिरी झालं की औषध संपलं. दोन पीपीएमचा रंग किमान चार तास टिकायला हवा. तासाभरात पाणी चहासारखं झालं तर आधी टँक साफ करायला हवा होता, असा त्याचा अर्थ.

यातच एक मजेदार फसगत लपलेली आहे. नगरपालिकेच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला आपण दुकानातून हायपोचे खडे आणतो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट. तेच हायपो परमँगनेटलाही निकामी करतं. ताज्या पाण्यात मूठभर हायपो आणि लगेच वर परमँगनेट टाकलं तर दोन्ही एकमेकांना संपवून मोकळे. उलट बाजूने पाहिलं तर हीच सोयही आहे. परमँगनेट चुकून जास्त पडलं आणि मासे तडफडायला लागले, तर हायपो टाकून ते थांबवता येतं.

रंगावरून औषध ओळखायची खूण मात्र परमँगनेटपुरतीच. मेथिलीन ब्लू फिका झाला म्हणजे संपलाच असं नाही, तो रंगहीन रूपात जाऊ शकतो, सिलिकॉनमध्ये किंवा वाळूत मुरू शकतो. बरीच अँटिबायोटिक्स तर रंगहीनच असतात. ऑक्सिटेट्रासायक्लिनचं पाणी पिवळट होऊन पुढे तपकिरी पडलं तर ते औषध कुजल्याची निशाणी आहे, तेव्हा पाणी बदलायचं.

उजेडाचं थोडक्यात सांगतो. मॅलेकाइट ग्रीन, नायट्रोफ्युरान जातीची औषधं, ऑक्सिटेट्रासायक्लिन, मेट्रोनिडाझोल ही सगळी उजेडात विरतात. उपचार चालू असताना टँकचा दिवा बंद, काचेवर जाड चादर, यूव्ही दिवा असेल तर तोही बंद. कोळशाची पिशवी फिल्टरमधून काढून ठेवायची, नाहीतर सकाळी टाकलेलं औषध संध्याकाळपर्यंत तिच्या पोटात.

दुसरा डोस: इथेच बहुतेक मासे जातात

पहिला डोस दिल्यावर चोवीस तासांनी किती औषध उरलं, यावर दुसरा डोस ठरतो. एक कल्पित औषध घ्या, जे दिवसात निम्मं होतं. पहिल्या दिवशी १०० टाकलं. दुसऱ्या दिवशी ५० उरलं, त्यावर पुन्हा १०० टाकलं, झालं १५०. तिसऱ्या दिवशी ७५ अधिक १०० म्हणजे १७५. मग १८७. असं करत ते २०० च्या जवळ जाऊन थांबतं, त्यापुढे जात नाही, कारण जेवढं टाकतो तेवढंच रोज नाहीसं होतं.

आता असं औषध घ्या जे मोडतच नाही. रोज १०० टाकलं तर पाचव्या दिवशी ५००. मीठ या जातीचं आहे. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. उन्हाळ्यात कूलरच्या वाऱ्यात उघड्या टँकचं पाणी बघता बघता बोटभर खाली जातं. ते भरून काढताना "थोडं मीठही टाकून देऊ" असं सहज होतं आणि पंधरवड्यात मीठ कुठल्या कुठे पोचतं. उडालेल्या पाण्याच्या जागी फक्त पाणी टाका. बादलीने काढून फेकलेल्या पाण्याच्या जागी मात्र तेवढ्याच पाण्याचं मीठ लागतं. ४० लिटरमध्ये लिटरला २ ग्रॅमप्रमाणे ८० ग्रॅम मीठ आहे, त्यातलं १० लिटर पाणी बदललं तर परत टाकायचं २० ग्रॅम, ८० नव्हे.

औषध किती मोडलं हे माहीत नसेल तर सुरक्षित रीत अशी की पुढच्या डोसआधी निम्मं पाणी बदलायचं. मग ते औषध अजिबात मोडत नसलं तरी रोजच्या पूर्ण डोसने पातळी दुपटीच्या पुढे जात नाही, वरच्याच गणिताने. आणि फक्त बदललेल्या निम्म्या पाण्यापुरता डोस टाकला तर ती शंभराच्या पुढेच जात नाही. नाजूक माशांसाठी मी दुसरा मार्ग धरायला सांगेन. "टाकी दे रे भो, काय व्हस!" असं म्हणत रोज झाकणभर ओतण्यापेक्षा ही बादलीची मेहनत बरी.

पांढरे ठिपके आणि खान्देशची थंडी

अंगावर रव्याचे कण सांडल्यासारखे ठिपके दिसले की तो इक नावाचा परजीवी. आपल्याकडे तो थंडीत डोकं वर काढतो. दिवसा २८ अंश आणि पहाटे ९ अंश अशा हवेत हीटर नसलेल्या टँकमधला मासा गारठतो, त्याची प्रतिकारशक्ती ढेपाळते.

इथे डोसपेक्षा वेळापत्रक महत्त्वाचं. दिसणारा ठिपका माशाच्या कातडीखाली असतो, तिथे पाण्यातलं औषध पोचत नाही. पोट भरलं की तो सुटून तळाशी जातो, भोवती कवच करतो आणि आत शेकडो पिल्लांत विभागतो. कवचातही औषध शिरत नाही. कवच फुटून पिल्लं पाण्यात पोहायला लागतात तेव्हाच ती मरतात. त्यांना दोन दिवसांच्या आत मासा सापडला नाही तर ती तशीही मरतात. म्हणजे आपल्या हातात आहे तो एवढाच झरोका. आणि पिल्लं सगळ्या टँकभर असतात, म्हणून या रोगात एक मासा बाजूला काढून भागत नाही, सगळ्या टँकवर उपचार करावा लागतो.

पंचवीस अंशांच्या पाण्यात हे चक्र आठवड्याच्या आत पुरं होतं, थंड पाण्यात त्याला कित्येक आठवडे लागतात. सगळे ठिपके एकाच वेळी सुटत नाहीत. त्यामुळे पहिल्या डोसनंतर ठिपके दिसेनासे झाले म्हणून औषध बंद केलं की आठवड्याने दुप्पट ठिपके. औषध लागू पडलं नाही म्हणून दुकानदाराला दोष दिला जातो, चूक बंद करण्याची असते. शेवटचा ठिपका गेल्यावरही चक्राच्या एका फेरीइतके दिवस उपचार चालू ठेवायचा.

मी सुरुवात हीटर आणि मिठाने करायला सांगेन. पाणी दर काही तासांनी एक-एक अंश चढवत ३० अंशांवर नेलं की चक्र वेगाने फिरतं आणि बहुतेक इकची वाढच खुंटते. जोडीला लिटरला १ ते ३ ग्रॅम मीठ. गोल्डफिश, मॉली, गप्पी यांना ते सहज झेपतं. झाडांना आणि कोरीडोरास जातीच्या माशांना कमी झेपतं, त्यांच्यासाठी खालच्या आकड्यावर राहायचं.

फॉर्मॅलिन, ऑक्सिजन आणि गेलेली वीज

फॉर्मॅलिन म्हणजे फॉर्मल्डिहाइड वायूचं सुमारे ३७ टक्क्यांचं द्रावण. इकवर आणि कल्ल्यांच्या परजीवींवर ते खरोखर चांगलं काम करतं. टँकमध्ये जास्तीत जास्त २५ पीपीएम, इथे वजनाने नव्हे तर या द्रावणाच्या आकारमानाने, म्हणजे १०० लिटरला अडीच मिलिलिटर. गंमत नाही, हे कर्करोगकारक रसायन आहे. हातमोजे घालायचे, खिडकी उघडी ठेवायची, लहान मुलं लांब.

पण माशासाठी त्याचा धोका वेगळ्या दिशेने येतो. दर ५ पीपीएम फॉर्मॅलिन पाण्यातला साधारण १ मिलिग्रॅम ऑक्सिजन खातं. २५ पीपीएमने गेले ५ मिलिग्रॅम. आता पाण्यात मुळात ऑक्सिजन किती मावतो ते पाहा. २० अंशांना लिटरमध्ये सुमारे ९.१ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसात, ३५ अंशांना सातच्याही आत. मे महिन्यात भुसावळच्या घरातल्या टँकचं पाणी पस्तिशीला टेकलेलं असतं. साडेसहा-सात मधून पाच गेले की उरतं काय? मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडायला लागतात, घरातले म्हणतात "भाऊ, मासे वर येऊन राहिले, रोग वाढला वाटतं, अजून टाक." एअर मोटर चालू असेल तर ती हा ऑक्सिजन भरून काढत राहते. उन्हाळ्यात वीज गेली की तीही बंद.

त्यामुळे या दिवसांत फॉर्मॅलिन टाळा. टाकायचंच असेल तर सकाळी, पाणी गार असताना, बॅटरीवर चालणारी एअर मोटर हाताशी ठेवून आणि दिवसभर घरी कोणीतरी असेल तेव्हा. परमँगनेटबरोबर तर कधीच नाही.

पाण्यातून की खाद्यातून

गोड्या पाण्यातला मासा पाणी पीत नाही म्हटलं तरी चालेल. त्याच्या रक्तात बाहेरच्या पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात, त्यामुळे पाणी कल्ल्यांतून आपोआप आत शिरतं आणि तो ते लघवीवाटे बाहेर टाकत बसतो. साहजिकच पाण्यात टाकलेलं औषध पोटात जातं फार थोडं. कातडी आणि कल्ल्यांवरच्या रोगाला पाण्यातलं औषध ठीक. आतड्यातल्या, रक्तातल्या रोगाला मासा खात असेल तोवर खाद्यातून दिलेलं औषध बरं.

आकड्यांतला फरक बघण्यासारखा आहे. तीनशे ग्रॅमच्या फ्लॉवरहॉर्नला मेट्रोनिडाझोल खाद्यातून द्यायचं तर दिवसाला किलोमागे ५० मिलिग्रॅम, म्हणजे १५ मिलिग्रॅम, पाच दिवस. तेच १५० लिटरच्या टँकच्या पाण्यातून साडेसहा-सात पीपीएमने द्यायचं तर एका वेळी हजार मिलिग्रॅमच्या आसपास. जिलेटिन कोमट झाल्यावर त्यात वाटलेलं खाद्य आणि औषध मिसळायचं, पातळ थर थापून फ्रीझरमध्ये ठेवायचा, रोज एक तुकडा. खाद्याच्या डब्यात औषधाची पूड भुरभुरवून काही होत नाही, पाण्यात पडताच ती धुऊन जाते.

चपट्या कृमींवरच्या प्राझिक्वांटेलची तऱ्हा थोडी निराळी. ते पाण्यात फार कमी विरघळतं. ६०० मिलिग्रॅमची गोळी कुटून तशीच टाकली तर बराचसा चुरा वाळूत जाऊन बसतो. आधी थोड्या पाण्यात चांगलं घोटून, हलवत, फिल्टरच्या धारेत सोडावं लागतं.

कपाटातली बाटली

औषध टँकमध्ये जायच्या आधीच मेलेलं असू शकतं. बहुतेक औषधांवर ३० अंशांखाली, उजेडापासून दूर ठेवा असं लिहिलेलं असतं. रासायनिक मोडतोडीचा ढोबळ नियम असा की दर दहा अंशांना तिचा वेग साधारण दुप्पट होतो. पत्र्याच्या शेडमधल्या दुकानात, काचेच्या शोकेसमध्ये, समोरून ऊन खात बसलेली बाटली दोन उन्हाळे काढते तेव्हा तिच्या लेबलवरची तारीख फक्त छापलेली तारीख उरते. सुट्या, लेबल नसलेल्या बाटलीत भरून दिलेल्या औषधाला तर तीही नसते. मी असली बाटली फुकट मिळाली तरी घेणार नाही.

जुन्या धाब्याच्या घरात आतल्या खोलीतलं लाकडी कपाट ही उत्तम जागा. सिमेंटच्या घरात तळमजल्यावरचा खालचा खण. फ्रिज हा सगळ्यांवरचा उपाय नाही. फॉर्मॅलिन फ्रिजमध्ये ठेवलं तर गारठ्याने त्यात पांढरा गाळ तयार होतो, पॅराफॉर्मल्डिहाइड, आणि तो माशांना मूळ औषधापेक्षा कितीतरी जास्त विषारी असतो. पांढरा साका दिसलेली बाटली हलवून वापरायची नाही, बाद करायची. तसंही असलं रसायन दुधाशेजारी ठेवायचं नसतंच. टेट्रासायक्लिनची पिवळी पूड तपकिरी पडली की तीही बाद. मुदत उलटलेल्या टेट्रासायक्लिनमधल्या मोडक्या पदार्थांनी माणसांच्या मूत्रपिंडाला इजा झाल्याच्या नोंदी १९६० च्या दशकापासून आहेत.

पाण्यात कालवलेलं अँटिबायोटिक उद्यासाठी ठेवू नका, लागेल तेवढंच कालवा. मुलांसाठीची अँटिबायोटिकची कोरडी बाटली पाणी घातल्यावर फ्रिजमध्ये ठेवूनही आठवडाभरच चालते, टँकशेजारच्या खिडकीत ठेवलेल्या वाटीचं काय सांगावं. परमँगनेटचं द्रावण गडद काचेच्या बाटलीत बरंच टिकतं, तळाशी तपकिरी गाळ धरायला लागलं की नवं करायचं.

उपचार झाल्यावर कोळसा परत फिल्टरमध्ये घाला, दोन-तीन दिवसांत तो उरलंसुरलं औषध आणि रंग ओढून घेतो. मग तो कोळसा कचऱ्यात, पुन्हा वापरायचा नाही. तपकिरी झालेलं परमँगनेटचं पाणी मोरीत ओतलं तरी चालतं. अँटिबायोटिकचं आणि मोरचुदाचं पाणी मात्र परसातल्या कढीपत्त्याला, शेततळ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नका. मॅलेकाइट ग्रीन वापरलेला मासा खाण्यासाठी नाही, त्यामुळे शेततळ्यात कटला-रोहू वाढवणाऱ्याने शोभेच्या माशांची ही बाटली तिकडे नेऊच नये.